आर्टेटाला वेळ दिला कुणी?

कोचला वेळ द्यायचा की नारळ, हा वाद पेटला की कुणीतरी अ‍ॅलेक्स फर्ग्युसनचं नाव काढतोच. 1986 च्या नोव्हेंबरात गडी मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबचा कोच म्हणून आला आणि पहिली ट्रॉफी हातात यायला 1990 चा मे उजाडला. मधे लीगमध्ये दोनदा अकरावा नंबर, एकदा तेरावा. 1989 च्या डिसेंबरात ओल्ड ट्रॅफर्डवर घरच्याच प्रेक्षकाने ‘तीन वर्षं सबबीच ऐकतोय, आता रामराम’ अशा अर्थाचा फलक फडकवला. तरी संचालक मंडळ हललं नाही, आणि पुढची वीस-बावीस वर्षं लोक त्या फलकावर हसत राहिले. दाखला बिनतोड आहे. फक्त तो देणारी मंडळी सोल्शायरचं नाव घेत नाहीत. त्याच युनायटेडने त्यालाही 2018 च्या डिसेंबरापासून जवळपास तीन वर्षं दिली. ट्रॉफी एकही आली नाही आणि 2021 च्या नोव्हेंबरात तो गेला. त्याच्या नावाने संयमावर व्याख्यान झोडताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही. जो टिकला आणि जिंकला, त्याचाच संयम आपल्याला दिसतो. लंडनच्या आर्सेनल क्लबचा कोच मिकेल आर्टेटा याच्याबद्दलही ‘त्याला वेळ दिला’ असंच म्हणतात.

मी आर्सेनलवाला, त्यात कोल्हापूरचा, म्हणजे संयमाच्या बाबतीत दोन्हीकडून बोंब. आमच्याकडे फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. मैदानात अकरा पोरं उतरतात, पण खेळते अख्खी पेठ. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत विसाव्या मिनिटाला ‘आरं त्येला भाईर काढा की’ सुरू होतं, आणि सामना हरला तर दुसऱ्या दिवशी दूध आणायला जाणंसुद्धा जिवावर येतं. ‘यंदा पोरं घडवतोय, दोन वर्षांनी बघा’ असं म्हणून त्या गॅलरीसमोरून सुखरूप घरी जाणारा कोच अजून जन्माला यायचाय. माझा भाचा याच गॅलरीत वाढला. आर्सेनल त्याच्या गळ्यात मीच मारलं, त्यामुळे पुढे त्याच्या शिव्या ऐकून घेणंही ओघानेच माझ्याकडे आलं.

20 डिसेंबर 2019 ला आर्सेनलचा कोच म्हणून आर्टेटाची नेमणूक झाली तेव्हा तो 37 वर्षांचा होता. मुख्य कोच म्हणून एका सामन्याचाही अनुभव नाही. मँचेस्टर सिटीच्या बेंचवर कोच ग्वार्डिओलाच्या शेजारी साडेतीन वर्षं बसलेला, त्याआधी आर्सेनलचाच कप्तान. आर्सेनलचा जुना कोच व्हेंगरची 22 वर्षं संपून दीड वर्ष झालं होतं. त्याच्या जागी आलेल्या उनाय एमरीला नोव्हेंबरात घरी पाठवलं होतं. संघात पगार मोठे होते आणि धावणारे पाय कमी. तीन महिने होतात न होतात तोच आर्टेटालाच कोरोना झाला आणि इंग्लंडची अख्खी प्रीमियर लीग थांबली. मग रिकाम्या वेम्बलीवर 1 ऑगस्ट 2020 ला चेल्सीला 2-1 ने हरवून त्याने एफए कप, म्हणजे लीगहून वेगळी बाद पद्धतीची स्पर्धा, जिंकला, दोन्ही गोल स्ट्रायकर ओबामेयांगचे. लीगमध्ये आठवा नंबर आला होता, पण कपाच्या चकाकीत तो कुणाला दिसला नाही. सप्टेंबरात क्लबने त्याचं पद ‘हेड कोच’वरून ‘मॅनेजर’ असं केलं. बातमी दोन ओळींची होती, पण मला ती कपापेक्षा मोठी वाटते. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, यात आता त्याचा शब्द चालणार होता.

आणि मग तो हिवाळा. 14 सामन्यांत 14 गुण, वीस संघांत जागा पंधरावी. 1974-75 नंतरची सर्वांत वाईट सुरुवात. बर्नलीविरुद्ध घरच्या मैदानावर आमच्या झाकाने प्रतिस्पर्ध्याचा गळा धरून लाल कार्ड घेतलं आणि ओबामेयांगने हेडर मारून गोल केला तो स्वतःच्याच जाळ्यात. कोरोनाचे नियम तेवढ्यापुरते सैल झाले होते, म्हणून त्या रात्री दोन हजार लोक मैदानात होते, आणि त्या दोन हजारांनीही शेवटी हुर्यो केली. आता विचार करा, तिथे साठ हजार असते तर? आर्टेटा टिकला याचं पहिलं कारण मला हेच वाटतं की त्याच्या सर्वांत वाईट महिन्यांत मैदान रिकामं होतं. मालक क्रोंके अमेरिकेत बसून शांत राहिले हे खरं, पण दर आठवड्याला साठ हजार लोकांची शिट्टी कानात वाजत असताना शांत राहणं निराळं. गॅलरी असती तर या संयमाची गोष्ट लिहायला कुणी उरलंच नसतं, अशी मला दाट शंका आहे.

26 डिसेंबर 2020. समोर चेल्सी, आपल्याकडे रात्रीचे अकरा. घरचे झोपलेले म्हणून टीव्हीचा आवाज बंद ठेवलेला. तसाही रिकाम्या मैदानातल्या त्या नकली गोंगाटापेक्षा शांतता बरी. संघाची यादी पडद्यावर आली तेव्हा मी उठून बसलो. विलियन आणि डेव्हिड लुईझ आजारी, गॅब्रिएल विलगीकरणात. त्यांच्या जागा भरताना पोरं आली होती. 20 वर्षांचा एमिल स्मिथ रो, या मोसमात लीगमध्ये पहिल्यांदाच सुरुवातीपासून. गुडघ्याच्या दुखापतीतून परतलेला 19 वर्षांचा मार्टिनेली. आणि साका, तोही एकोणीसचाच. भाच्याचा मेसेज आला: ‘मामा, आज पोरं का? हार मानली काय?’

पहिल्या दहा मिनिटांत फरक दिसला. मार्टिनेलीकडे चेंडू नसायचा तेव्हाही तो पळत होता, चेल्सीच्या बॅकला श्वास घेऊ देत नव्हता. स्मिथ रोचं काम बारीक होतं. मागच्या दोन महिन्यांत आर्सेनलचे मिडफिल्डर पास घेऊन थांबायचे, मान वर करायचे, मग परत मागे द्यायचे. हा पोरगा चेंडू पायाशी यायच्या आधीच अर्धा वळलेला असायचा. पहिल्या स्पर्शातच त्याचं तोंड पुढच्या गोलकडे. तेवढ्याने स्ट्रायकर लाकाझेतला जागा मिळाली, साकाला मिळाली, सगळ्या संघाला पुढे सरकता आलं. आमच्या टिअर्नीला पाडलं म्हणून मिळालेली पेनल्टी लाकाझेतने मारली. झाकाने फ्री किक वरच्या कोपऱ्यात ठेवली, बर्नलीविरुद्धच्या लाल कार्डाची परतफेड म्हणा हवं तर. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला स्मिथ रोने उजवीकडे साकाला दिला, साकाने मान वर केली आणि चेंडू असा उचलला की चेल्सीचा गोलकीपर मेंडीच्या डोक्यावरून तो पलीकडच्या बाजूने आत गेला. क्रॉस होता की शॉट, यावर भाचा आजही भांडतो. 3-1.

त्यानंतर ब्रायटनला हरवलं, बर्फ पडत असताना वेस्ट ब्रॉमला त्यांच्या मैदानावर चार मारले. मोसमाच्या उरलेल्या 24 सामन्यांत 47 गुण आले. शेवटी जागा पुन्हा आठवीच, आणि पुढच्या वर्षी 25 वर्षांत पहिल्यांदा युरोपात खेळायला नाही. शिवाय युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत बाहेर काढलं ते व्हियारेआलने, म्हणजे ज्याला नारळ दिला त्या एमरीनेच. हे असलं फक्त आमच्याच नशिबी.

पण त्या बॉक्सिंग डेबद्दल, म्हणजे 26 डिसेंबरच्या सामन्याबद्दल, एक गोष्ट नंतरच्या कौतुकात बुडून गेली. पुढे त्याला योजनेचा भाग म्हणायची पद्धत पडली. ती तिघं एकत्र उतरली त्यात योजनेइतकाच हात आजारपणाचा आणि नाइलाजाचा होता. विलियन ठणठणीत असता तर स्मिथ रो त्या रात्री सुरुवातीला खेळला असता का? मला नाही वाटत. आर्टेटाचं श्रेय एवढंच, पण तेही कमी नाही, की जमलेली गोष्ट त्याला ओळखता आली आणि विलियन बरा झाल्यावर त्याने ती मोडली नाही. कित्येक कोच मोडतात. ज्येष्ठ बरा झाला की पोरगा पुन्हा बेंचवर, आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात.

म्हणून ‘आर्टेटाला वेळ दिला’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. कुणी दिला? डिसेंबरात मालकांच्या हातात कागदावर दाखवण्यासारखं काही नव्हतं. समर्थक तर केव्हाच उठले होते. कोचची नोकरी वाचली ती तीन पोरांच्या पायांवर. त्यांनी सामने काढून दिले, त्या सामन्यांतून महिने मिळाले, त्या महिन्यांतून पुढचा मोसम.

तो पुढचा मोसम सुरू झाला तो आणखी भयाण. 2021 च्या उन्हाळ्यात क्लबने सहा खेळाडू घेतले: बेन व्हाइट, ओडेगार्ड, रॅम्सडेल, तोमियासू, लोकोंगा, नुनो तावारेस. सहाही 23 किंवा त्याखालचे. इतका पैसा ओतून एकही तयार, नावाजलेला तिशीतला गडी नाही, यावर इंग्लंडच्या पंडितांनी भरपूर करमणूक करून घेतली. पहिला सामना नव्याने वर आलेल्या ब्रेंटफर्डशी, 0-2. मग चेल्सी, 0-2. मग शनिवारी संध्याकाळी पाचला सिटी. झाका परत लाल कार्ड घेऊन पहिल्या हाफमध्येच बाहेर, निकाल 0-5. त्यातला एक गोल गॅब्रिएल जेझुसचा, जो पुढच्याच वर्षी आमच्याकडे येऊन आमचा लाडका झाला. तीन सामने, शून्य गुण, शून्य गोल, नऊ खाल्लेले. नॉर्विचने दहा खाल्ले होते, पण त्यांनी एक मारला होता, म्हणून ते एकोणिसावे आणि आम्ही विसावे.

भाच्याचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. “मामा, ह्येला अजून ठेवलाय व्हय?”

मी त्याला सांगितलं की पहिल्या सामन्याला ओबामेयांग आणि लाकाझेत दोघेही आजारी होते, ओडेगार्ड नुकताच आलाय, रॅम्सडेल अजून लीगमध्ये उतरलेला नाही. तो म्हणाला, “सबबी.” बरोबर होतं त्याचं, सबबीच होत्या. पण सबब खरी की खोटी, हे तपासता येतं, एवढंच माझं म्हणणं होतं. तीन सामन्यांत खेळलेले अकरा आणि पुढच्या महिन्यात खेळणारे अकरा जर निराळे असतील, तर महिनाभर थांबून बघायला हरकत नव्हती. तेच अकरा हरत राहिले असते तर मीही फलक रंगवायला बसलो असतो. सप्टेंबरात नॉर्विचला 1-0 ने हरवलं. महिन्याच्या शेवटी टॉटनहॅमविरुद्ध पहिल्या 34 मिनिटांतच 3-0 झालं: स्मिथ रो, ओबामेयांग, साका. त्यातली दोन पोरं हेल एंडची, म्हणजे आर्सेनलच्या स्वतःच्या अकादमीची. ज्या साकाची इंग्लंडकडून मारलेली पेनल्टी जुलैत युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अडवली गेली, त्यानंतर ज्याच्यावर त्याच्या रंगावरून गलिच्छ शेरेबाजीचा वर्षाव झाला, तो अडीच महिन्यांनी तिथे हसत गोल साजरा करत होता. कोचला मिळालेल्या संयमावर लेख येतात. वीस वर्षांच्या त्या पोराने स्वतः किती सोसलं, त्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

आर्टेटा निर्दयी होता, हेही नमूद करायला हवं. मेसुत ओझीलला त्याने नोंदणीच्या यादीतूनच वगळलं, जानेवारी 2021 मध्ये तो फेनरबाचेला गेला. ओबामेयांगकडून डिसेंबर 2021 मध्ये शिस्तीच्या कारणावरून कप्तानपद काढून घेतलं आणि दोन महिन्यांत तो बार्सिलोनात. संघाचा सर्वांत मोठा गोलस्कोरर असा फुकट सोडून द्यायचा आणि जागी कुणालाच आणायचं नाही, हे मला तेव्हा झेपलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर आजही पूर्ण झेपत नाही. त्या मोसमात शेवटच्या दोन आठवड्यांत टॉटनहॅम आणि न्यूकॅसलकडे हरून चौथी, म्हणजे चॅम्पियन्स लीगचं तिकीट देणारी, जागा दोन गुणांनी गेली. एक पक्का स्ट्रायकर असता तर? असो. विलियम सलिबाची कथा तर संयमाची उलटी बाजू आहे. 2019 मध्ये विकत घेतलेला हा बॅक आर्सेनलसाठी लीगमध्ये पहिल्यांदा खेळला ऑगस्ट 2022 मध्ये. मधला बहुतेक काळ तो उधारीवर फ्रान्समध्ये. त्याने कंटाळून पाठ फिरवली असती तरी त्याला दोष देता आला नसता. तो परत आला आणि वर्षभरात लीगमधल्या उत्तम बॅकपैकी एक ठरला. संयम ठेवायला इथे कोच नव्हे, एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा बसला होता, आणि त्याला विचारलं कुणीच नव्हतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. 2022-23 मध्ये 84 गुण, 248 दिवस पहिल्या स्थानावर आणि तरी विजेते नाही. एवढे दिवस वर राहून लीग न जिंकण्याचा इंग्लंडमधला विक्रम आमच्या नावावर. 2023-24 मध्ये 89 गुण, सिटीचे 91. 2024-25 मध्ये पुन्हा दुसरे, या वेळी लिव्हरपूलच्या मागे. पंधराव्या जागेवरून इथवर आलेला संघ अपयशी म्हणावा का? माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’. भाच्याचं तितकंच स्पष्ट ‘होय’, कारण शाहू स्टेडियमवर दुसऱ्या नंबरची मिरवणूक निघत नाही.

मला खुपतं ते वेगळंच. ऑगस्ट 2024 मध्ये स्मिथ रो फुलहॅमला विकला गेला, सुमारे 27 दशलक्ष पाउंड अधिक पुढच्या काही रकमा. 2021-22 मध्ये लीगमध्ये 10 गोल करणारा, दहा नंबरची जर्सी घालणारा, दहा वर्षांचा असल्यापासून क्लबमध्ये वाढलेला. मधे जांघेचं दुखणं, शस्त्रक्रिया, मग ओडेगार्डचं राज्य. त्याच महिन्यात एन्केटियाही क्रिस्टल पॅलेसला गेला, तोही हेल एंडचाच.

यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. खेळाडू 50 दशलक्षांना घेतला आणि करार पाच वर्षांचा असला तर वहीत दरवर्षी 10 चा खर्च पडतो. तीन वर्षांनी तो 30 ला विकला तर वहीत अजून त्याचे 20 शिल्लक असतात, म्हणजे नफा फक्त 10. अकादमीतल्या पोराची वहीतली किंमत मात्र शून्य. तोच 30 ला विकला तर 30 च्या 30 नफा. परसातल्या आंब्यासारखं, विकत आणून विकलेल्या पेटीपेक्षा त्याचा पैसा सगळाच्या सगळा वरचा. प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या तोट्याच्या मर्यादेत बसायचं तर म्हणूनच क्लबांचा हात आधी घरच्या पोरांकडे जायचा. चेल्सीने मेसन माउंट असाच विकला, कॉनर गॅलाघर असाच विकला. नियम बनवणाऱ्यांच्या मनात क्लबांनी उधळपट्टी करू नये एवढंच होतं. परिणाम असा झाला की ज्याच्यावर क्लबने प्रेम करावं, तोच विकायला सर्वांत सोयीचा.

फुटबॉलच्या बाजूने बघितलं तर आर्टेटाचा निर्णय चूक म्हणता येत नाही. दुखापतींनंतरचा स्मिथ रो त्या वेगाला पुरा पडत नव्हता, आणि फुलहॅममध्ये त्याला नियमित खेळायला मिळालं. त्याने स्वतःही जायचंच ठरवलं असेल. पण हिशेब मांडायचाच तर असा मांडावा लागतो: बॉक्सिंग डेच्या रात्री आर्टेटाच्या खात्यावर पंधरावी जागा होती आणि त्याला अजून एक संधी मिळाली. स्मिथ रोचे दोन मोसम दुखापतींत गेले आणि त्याला ती मिळाली नाही. पोरं घडवण्याच्या काळात कोचसाठी राखलेली सवलत पोरांसाठी राखलेली नसते. आम्ही समर्थकही त्यात आलोच. ‘कोचला अजून दोन वर्षं द्या’ म्हणणारे आम्हीच ‘हा पोरगा काही चालत नाही, विका’ असं तिसऱ्या खराब सामन्यानंतर लिहितो.

आणि तरी पोरं येतच राहतात. 2 फेब्रुवारी 2025 च्या रविवारी रात्री दहाला सिटीशी सामना. 1-1 ची बरोबरी फुटल्यावर 18 वर्षांच्या माइल्स लुइस-स्केलीने उजव्या पायाने गोल मारला आणि सिटीचा स्ट्रायकर हॉलंडची नक्कल करत मैदानावर मांडी घालून ध्यानाला बसला. शेवटी 17 वर्षांच्या ईथन न्वानेरीने पाचवा मारला. हा तोच न्वानेरी, ज्याला आर्टेटाने 2022 मध्ये ब्रेंटफर्डमध्येच 15 वर्षं 181 दिवसांचा असताना उतरवलं होतं. दोघेही हेल एंडचे. 5-1. ज्या सिटीने 2021 मध्ये आम्हाला विसाव्या जागेवर बसवलं, तीच सिटी. घरचे या वेळीही झोपले होते आणि मी या वेळी आवाज बंद ठेवला नाही.

भाचा आमच्या ग्रुपवर लुइस-स्केलीचा तो ध्यानस्थ फोटो एकामागून एक टाकत होता. मी लिहिलं, “छान आहे. वहीत दोघांची किंमत शून्य. यातला आधी कोण विकणार सांग.”

“मामा,” त्याचं उत्तर आलं, “आज तरी गप बसा की ओ.”